मांजरपाटात शिवलेला गठ्ठा

दहावीची परीक्षा सुरू झाल्याची बातमी टीव्हीवर लागली की आमची सौ. म्हणते, "झालं, आता ह्यांना मुलुंड आठवणार." आठवतंच. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्या प्रकरणाची आठवण आली की आजही आधी छातीत धस्स होतं आणि मग हसू येतं.

तेव्हा मी मुलुंडला एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. लोकांना वाटतं, विभागीय मंडळाचं काम म्हणजे निकाल लावणं. अहो, निकाल हे शेवटचं टोक. त्याआधी केंद्रं ठरवायची, प्रश्नपत्रिका कडेकोट ठेवायच्या, भरारी पथकं फिरवायची. मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परीक्षकांकडे जातात आणि तिथून नियामकांकडे, म्हणजे तपासलेलं पुन्हा तपासणाऱ्यांकडे. दर वर्षी हेच, आणि एकही गठ्ठा इकडचा तिकडे होऊन चालत नाही. आमचा संबंध एवढाच, की शाळेच्या फाटकावर उभं राहून कॉप्या पुरवणाऱ्यांना पिटाळायचं.

त्या वर्षी मात्र मंडळाचे एक अधिकारी सकाळीच ठाण्यात आले. बरोबर गणिताच्या एक बाई, साधारण चाळिशीच्या. अधिकारी घामाघूम, बाई एकदम शांत. ही शांतता मला ओळखीची होती. माणूस आतून कोसळला की असा दिसतो.

बाईंनी दहावीच्या गणिताचा गठ्ठा तपासून पुरा केला होता. त्यांची शाळा परीक्षा केंद्र असल्यामुळे तिथं जागा नव्हती, म्हणून रीतसर परवानगीनं पेपर घरी आणले होते. आदल्या रात्री गठ्ठा बांधून कपाटात ठेवला. सकाळी घाटकोपरला नियामकांकडे न्यायचा म्हणून कपाट उघडलं, तर गठ्ठा नाही.

"नाहीच सापडला तर?" मी विचारलं.

"बाकीच्या विषयांवरून सरासरी काढून मुलांना काहीतरी गुण द्यावे लागतील," अधिकारी म्हणाले. "ज्यानं वर्षभर जीव काढून गणित केलं त्यालाही तसेच, आणि ज्यानं वही उघडली नाही त्यालाही तसेच."

"आणि बाई?"

बाईच म्हणाल्या, "माझी नोकरी जाईल, साहेब. ती जाऊ दे. पण त्या पोरांनी काय पाप केलंय हो?"

आम्ही घरी जाऊन झडती घेतली. दोन खोल्यांचं घर. बाई, त्यांचे मिस्टर आणि सासूबाई. मिस्टर कंपनीच्या कामानं बाहेरगावी. सासूबाई त्या वेळी खाली देवळात गेल्या होत्या. कपाटाचं कुलूप शाबूत, किल्ली नेहमीच्या जागी, देवाच्या फोटोमागे. आमच्या हवालदारबाईंनी कप्पा न् कप्पा बघितला. खालच्या कप्प्यात पांढऱ्या मांजरपाटाच्या जाड कापडात शिवलेलं एक गाठोडं होतं. त्यांनी दाबून पाहिलं. आत मऊ कापड आणि दोन-चार नारळ.

"ते सासूबाईंचं. देवाचं आहे," बाई म्हणाल्या. हवालदारबाईंनी हात जोडले आणि कपाट लावलं. पंचनामा झाला. चोर कपाट फोडत नाही, किल्लीनं उघडतो आणि पुन्हा लावून जातो, म्हणजे घरातलाच कुणीतरी. माझं डोकं तिकडे धावायला लागलं.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "त्या गणिताच्या बाईंकडे काल संध्याकाळी क्लासवाला आला होता. आज पहाटे पांढरं गाठोडं घेऊन जिना उतरताना बघितला मी त्याला." फोन खाडकन बंद.

झालं! क्लासवाल्याला उचलून आणला. बाईंचाच जुना विद्यार्थी. त्याला समोर बसवलं आणि मी काही न बोलता चहा पीत राहिलो. ही माझी जुनी पद्धत. ठाण्यात गप्प बसवलं की निर्दोष माणूसही काहीतरी कबूल करतोच.

"साहेब, जिन्यातली बाकडी आजच काढतो," तो म्हणाला.

"कसली बाकडी?"

"क्लासच्या जिन्यात ठेवलीयेत ना. आग लागली तर वाट अडेल म्हणून सोसायटीनं तक्रार केलीय. त्यासाठीच आणलंय ना मला?"

मी कपाळाला हात लावला. काल संध्याकाळी तो बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेला होता. पहाटे अंधेरीला घरी झोपलेला, वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे साक्षीला. "बाकडी मात्र खरंच काढ रे," असं सांगून त्याला सोडला.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. फोन करणाऱ्यानं माणूस चुकीचा ओळखला असेल, पण गाठोडं कशाला स्वप्नात बघेल? पांढरं गाठोडं जिन्यानं उतरलं होतं हे नक्की. मग कोणाच्या हातून?

मी परत बाईंच्या घरी गेलो. आता सासूबाई घरात होत्या. खारेपाटणकडच्या, गिरणीत आयुष्य गेलेल्या माणसाची बायको. डोळ्यात मोतीबिंदू, आवाज मात्र खणखणीत.

"आजी, काल-आज घरात कोण कोण आलं होतं?"

"तो लगीनवालो पोरगो इलो हुतो. आणि पहाटे माजो धाकलो. शिमग्याक गावाक गेलो ना तो. देवाचा गाठोडा घेवन गेलो."

मी बाईंकडे बघितलं. बाई चुलीपाशी... चूल कसली, गॅसपाशी चहा ओतत होत्या. त्यांनी चहाचं भांडं खाली ठेवलं.

"आजी, देवाचं गाठोडं गावाला गेलं?"

"मग! पालखी घराकडे येतली, देवाक लुगडा नको?"

सकाळी सून म्हणते, देवाचं गाठोडं कपाटात आहे. आता सासू म्हणते, ते गावाला गेलं. पोलिसाच्या मनात पहिला विचार येतो, दोघींपैकी एक खोटं बोलतेय. त्या दोघींची तोंडं बघून मला दुसराच विचार आला. दोघीही खरं बोलतायत!

"बाई, तुम्ही गठ्ठा कशात बांधला होता?"

मग सगळं बाहेर आलं. मंडळाची कापडी पिशवी फाटली होती. पेपर उघडे नको न्यायला म्हणून सासूबाईंच्या गाठोड्याचं उरलेलं मांजरपाट घेऊन त्यांनी गठ्ठा वरून शिवून टाकला. लेबल सकाळी लावणार होत्या. महत्त्वाची वस्तू म्हणून तो वरच्या कप्प्यात ठेवला आणि देवाचं गाठोडं खाली सरकवलं. सासूबाई तोवर झोपल्या होत्या. पहाटे त्यांनी मुलाला सांगितलं, "वरचा पांढरा घे रे." त्यानं घेतलं आणि गेला. सून आत झोपलेली.

"अरे देवा, माज्या हातान..." म्हणत म्हातारी देवाच्या फोटोकडे वळली.

दिराला फोन लावला. तो गावी पोचला होता. "व्हय साहेब, जड लागला माका. पण आई नारळ भरभरून देता, म्हणान काय वाटला नाय."

"उघडलंस का रे?" मी घाईघाईनं विचारलं.

"छे! पालखी घरात इल्याबिगर देवाचा गाठोडा कोण सोडता? उद्या सांजेक येतली. देवाम्होरं ठेवलाय."

हुश्श! मी खुर्चीत मागे रेललो. तिथल्या ठाण्याला कळवलं. त्यांचा एक शिपाई जाऊन गाठोड्याशेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी, मंडळाचे अधिकारी, हवालदारबाई आणि बाई जीपनं निघालो. निघताना आजींनी खरं गाठोडं बाईंच्या मांडीवर ठेवलं. "ह्या दिल्याशिवाय ता उचलू नको गो. देवाम्होरची जागा रिकामी करूची नसता."

दुपार कलताना पोचलो. गावात ढोल वाजत होते, पालखी वरच्या वाडीत आली होती. पांढरा गठ्ठा देवासमोर तसाच, वर हळदकुंकू आणि एक फूल. गावच्या मानकऱ्यांनी आजींचंच म्हणणं सांगितलं, आधी देवाचं ठेवा, मग तुमचं न्या. तसंच केलं. अंगणात पंचांसमोर बाईंनी स्वतः घातलेले टाके ओळखले. अधिकाऱ्यांनी ते उसवले, आतले पेपर मोजले, आणि मान वर करून म्हणाले, "सगळे आहेत."

त्या दोन दिवसांत बाई पहिल्यांदा रडल्या. पायरीवर बसून, पदर तोंडात धरून, मोकळ्या. हवालदारबाईही रडल्या. अधिकारी उगाच चष्मा पुसत होते आणि मी जीपचं चाक तपासत होतो.

बाईंना मंडळानं लेखी समज दिली. नोकरी राहिली. पेपर वेळेत पुढं गेले आणि निकाल ठरल्याप्रमाणे लागला. मला ह्या प्रकरणानं एक धडा दिला, तो मी पुढं प्रत्येक नव्या फौजदाराला सांगितला. दोन जबाब जुळले नाहीत की लगेच खोटारडा शोधायला निघू नका. आधी बघा, दोघं एकाच वस्तूबद्दल बोलतायत का. आपल्याकडे गुन्हेगार आहेतच, पण प्रामाणिक माणसांनी घातलेला घोळ त्याहून जास्त आहे, आणि तो सोडवण्यात पुण्य आहे.

निकालाच्या दिवशी आजी काठी टेकत ठाण्यात आल्या. हातात पेढ्यांचा पुडा. ठाणे अंमलदारापासून कोठडीतल्या पाकीटमारापर्यंत सगळ्यांच्या हातावर एकेक पेढा ठेवला.

"कोण पास झालं आजी?" मी विचारलं.

"माका काय ठावक? सून सांगणा नाय. गुप्त आसा म्हणता." त्यांनी एक पेढा माझ्या हातात दाबला. "त्या पोरांचा नाव नाय ठावक, गाव नाय ठावक. त्यांका पण कदी कळूचा नाय. म्हणान त्यांचे पेढे मीच वाटतंय."