तीन मांजरींची ओळ

बोरूकाकांना खरं नाव होतं, पण ते हाक मारायला कुणी वापरत नसे. उगाच कशाला झिजवायचं, म्हणून तेही गप्प राहिले. बोरूने लिहिणारे काका म्हणून बोरूकाका, संपला विषय.

देशातल्या साऱ्या भाषांमधल्या लेखकांना दरवर्षी एक मोठा पुरस्कार मिळतो. शाल, पदक आणि त्या त्या लेखकाच्या भाषेत हाताने लिहिलेलं मानपत्र. हे सगळं पाहणाऱ्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खिडकीपाशी काकांचं उतरतं टेबल होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी त्या टेबलावर मान मोडली. तरुणपणी ते दुकानांच्या पाट्या रंगवत. कुठलीही लिपी समोर ठेवा, हुबेहूब उतरवून देतील, अशी ख्याती झाली आणि कचेरीने बोलावून घेतलं.

आता गंमत ऐका. वीस-बावीस भाषांत मानपत्रं लिहिणाऱ्या या माणसाला वाचता यायच्या फक्त दोन. बाकीच्या साऱ्या नुसत्या नजरेने उतरवायच्या. काकू म्हणायच्या, "अक्षर मोत्यासारखं आणि अर्थाच्या नावानं शंख." काका हसत. त्यांनी अनोळखी अक्षरांना आपली नावं ठेवली होती. एका लहानशा भाषेत, जी या शहरात मूठभर माणसं बोलत, एक कोयता होता, एक कानातलं होतं आणि एक पाय पोटाशी घेऊन झोपलेली मांजर होती. असं नाव ठेवलं की हात चुकत नाही, हा त्यांचा नेम. आणि हात चुकत नाही याचा त्यांना गर्व होता, खोटं कशाला बोलायचं.

यंदा समारंभाला आठ दिवस उरले असताना त्यांनी त्या लहान भाषेचं मानपत्र लिहायला घेतलं. टंकलेला मजकूर डावीकडे, जाड कागद समोर, पेन्सिलीच्या फिक्या रेघा मारलेल्या. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तीन मांजरी लागोपाठ आल्या आणि काकांचा हात थांबला.

या तीन मांजरी त्यांनी आधी लिहिल्या होत्या. त्या समासाच्या आत मावत नव्हत्या म्हणून पहिलीची शेपटी आखडती घ्यावी लागली होती, तेही आठवलं. डोकं विसरेल, डोळे विसरतील, पण हात विसरत नाही.

काका घरी गेले ते जेवायला न बसता पलंगाखालची ट्रंक ओढायला बसले. त्यांच्या सरावाचे कागद त्यात वर्षवार बांधलेले असत. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय हरवलं?"

"हरवलं नाही. सापडेल की काय याची भीती वाटतेय," काका म्हणाले.

सापडलं. दोन वर्षांपूर्वीचा कागद, गेल्या वर्षीचा कागद आणि आजचा मजकूर, तिन्ही शेजारी ठेवले. वरचं नाव तेवढं निराळं, खाली कोयत्याला कोयता आणि मांजरीला मांजर. तीन वर्षं, तीन लेखक आणि एकच मानपत्र. गेल्या वर्षी हे ध्यानात कसं आलं नाही? मग आठवलं. गेल्या वर्षी काकूंचं ऑपरेशन होतं. काका कचेरीत हात ठेवून जीव दवाखान्यात टांगून बसले होते. तरी त्यांनी स्वतःला माफ केलं नाही. चूक कुणाचीही असो, शाई आपली होती.

आता वाचणार कोण? कोपऱ्यावरची इस्त्रीवाली कपडे ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची त्यावर हीच अक्षरं असत. काकांनी सकाळी तिच्या टेबलावर तिन्ही कागद ठेवले.

तिने इस्त्री बाजूला उभी केली, हात पदराला पुसले आणि बोट ठेवून वाचू लागली. "हे समुद्राबद्दल आहे. कोळ्यांच्या आयुष्यावर मोठी कादंबरी लिहिली म्हणून सन्मान, असं लिहिलंय. वल्ही, जाळी, तुफान, सगळं आहे." तिने दुसरा कागद घेतला. "हे पण तेच." तिसरा घेतला आणि नाव वाचून ती थांबली. "काका, ही तर आमची दाई."

"कोण दाई?"

"डोंगरातली. शंभर-दोनशे बाळंतपणं केली असतील बाईनं आणि त्यावर कविता लिहिल्या. पेपरात येतात, मी कापून ठेवते. तिनं समुद्र पाहिला तरी असेल का? आणि गेल्या वर्षीचे गुरुजी. पोरांसाठी गोष्टी लिहितात. त्यांचा कोळ्यांशी काय संबंध?"

काकांच्या कानाची पाळी लाल झाली. तशी ती झाली की काकू चहा जरा लांबच ठेवत.

ते तडक साहेबांच्या खोलीत गेले. साहेब वाईट माणूस नव्हता. आळशी होता, आणि आळशी माणसाच्या हातात शिक्का असला की तो वाईटाहून महागात पडतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे चोळले.

"त्या भाषेचे मसुदे करणारे गृहस्थ गेले निवृत्त होऊन. माणूस मिळेना. त्यांनी त्या कादंबरीकारासाठी केलेला मजकूर चांगला होता, तोच पुढे चालवला. नाव बदलतो ना आपण."

"बाईंनी बाळंतपणावर लिहिलंय. आपण त्यांना कोळ्यांबद्दल शाबासकी देतोय."

"अहो, मानपत्र भिंतीवर टांगतात. वाचतं कोण?"

"ज्यांच्या भिंतीवर टांगतात ते वाचतात," काका म्हणाले.

साहेब हसला आणि मागच्या भिंतीकडे अंगठा केला. तिथे काचेच्या चौकटीत एक पत्र होतं, त्याच लिपीत, वाकड्यातिकड्या अक्षरात. येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्याला साहेब ते कौतुकाने दाखवी. "गेल्या वर्षीच्या गुरुजींचं आभाराचं पत्र. समारंभानंतर पंधरा दिवसांत आलं. इतकं लांबलचक पत्र दुसऱ्या कुणी पाठवलं नाही. त्यांची तक्रार नाही आणि तुमची आहे?"

काकांनी चौकटीकडे पाहिलं. ते पत्र त्यांनी वर्षभर येता-जाता पाहिलं होतं, आणि अक्षर बघून नाक मुरडलं होतं.

"हे बघा काका," साहेब म्हणाला, "खाली छपाईचं मशीन येऊन पडलंय. केवळ तुमचा मान म्हणून मी ते खोललेलं नाही. उद्या दुपारपर्यंत कागद पुरा करून द्या. नाहीतर तो मशीनवर निघेल, आणि पुढचेही सगळे मशीनवरच निघतील."

म्हणजे मान राखायचा तर मान खाली घालायची. काका बाहेर आले. टेबलावर अर्धवट कागद तसाच होता. उरलेल्या नऊ ओळी लिहायला त्यांना फार तर दोन तास लागले असते. मग निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं खिडकीपाशी सुखाने गेली असती. त्यांनी दौतीला झाकण लावलं.

घरी काकूंना त्यांनी सारं सांगितलं. टेबल जाईल हेही सांगितलं. काकू भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"ती बाई मानपत्र घरी नेईल," त्या म्हणाल्या. "सुना-नातवंडं भोवती जमतील. वाच म्हणतील. मग ती काय वाचेल?"

काकाही भाजी निवडायला बसले.

"अठ्ठावीस वर्षं हात चालवलात. आता जरा जीभ चालवा. टेबल गेलं तर पाट्या रंगवा, मी डबा धरून उभी राहीन."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवालीने दुकानाची फळी खाली ओढली, कात्रणांची पिशवी काखेत मारली आणि काकांच्या मागोमाग कचेरीचा जिना चढली. शिपायाने अडवलं तेव्हा काका म्हणाले, "माझ्याबरोबर आहेत," आणि थांबले नाहीत.

"ह्या कोण?" साहेबाने विचारलं.

"वाचणाऱ्या," काका म्हणाले. "तुम्ही विचारलं होतंत ना, वाचतं कोण? आणलंय."

साहेब काहीतरी खरमरीत बोलणार होता. पण इस्त्रीवालीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती भिंतीवरच्या चौकटीकडे बघत होती. जवळ गेली, काचेवर बोट ठेवलं आणि आधी मनात वाचलं. मग तिने मागे वळून साहेबाला विचारलं, "हे तुम्ही इथं का लावलंय?"

"आभाराचं पत्र आहे ते."

"आभाराचं नाही," ती म्हणाली, आणि एकेक ओळ वाचून अर्थ सांगू लागली. "साहेब, नमस्कार. मला दिलेलं मानपत्र दुसऱ्या कुणाचं तरी आहे. मी मुलांसाठी गोष्टी लिहितो. कोळ्यांवर मी काही लिहिलेलं नाही. माझी पत्नी आजारी असते. तिच्या पलंगाच्या पायथ्याशी मी ते लावलं होतं, पण तिने वाचलं आणि म्हणाली, हे तुम्ही नव्हे. आता मी ते उलटं करून ठेवलं आहे. अक्षर मात्र फार सुंदर आहे, लिहिणाऱ्याला सांगावं. आमचं आम्हाला पाठवावं, घाई नाही, पण पत्नीला दिसतंय तोवर पाठवावं."

अक्षर सुंदर आहे, हे ऐकून काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना स्वतःचा संताप आला. साहेब उठला आणि चौकट उतरवायला हात वर नेला.

"राहू द्या," काका म्हणाले.

"अहो, पण आता..."

"वर्षभर मिरवलंत ना? राहू द्या तिथंच. येणाऱ्याला आता खरं काय ते सांगत जा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

साहेब खाली बसला. त्याचा आवाज लहान झाला होता. "आठ दिवस होते, त्यातले दोन गेले. नवा मजकूर करणार कोण?"

इस्त्रीवालीने कात्रणांची पिशवी टेबलावर ठेवली. "मी सांगते, काका लिहितील. आमच्या भाषेत सांगायला मला कुणाला विचारावं लागत नाही."

"बरं. पण एक मानपत्र करा. गुरुजींचं पुढे बघू."

"दोन," काका म्हणाले. "आणि गुरुजींचं आधी. ते वर्षभर थांबलेत."

"आणि मशीन?"

"खुशाल खोला. समारंभ झाला की हे टेबल तुमचं. पण हे दोन कागद मशीनवर निघणार नाहीत, आणि जुन्या मजकुराचं एक अक्षर मी लिहिणार नाही."

खिडकीपाशी इस्त्रीवालीला खुर्ची दिली. तिने एकेक वाक्य बोलायचं, मग साध्या कागदावर लिहून दाखवायचं, मग काकांनी उतरवायचं. दुपार गेली. गुरुजींच्या गोष्टीतलं एक गाढव आलं, एक बुजरी मुलगी आली. तिसऱ्या ओळीत या खेपेला मांजर एकच होती. काकांनी तिची शेपटी पुरती, मोकळी काढली.

शेवटची ओळ वाळल्यावर ते म्हणाले, "आता पहिल्यापासून वाचून दाखवा. अर्थासकट."

"आत्ताच तर मीच सांगितलं की."

"तरी वाचा," बोरूकाका म्हणाले. "अठ्ठावीस वर्षांत मी कधी कुणाला विचारलं नाही."

तिने कागद उजेडाकडे धरला आणि मोठ्याने वाचायला लागली.