पोचा पडलेला पत्रा

पडदा वर जातो तेव्हा समोर तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. खिडकी एकच. दुपारचं ऊन तिच्यातून आत येतं, टेबलाच्या निम्म्यापर्यंत पोचतं आणि एका जाड कापडाला अडून थांबतं, कारण कापडापलीकडे कॅसेटी आहेत आणि उन्हाला तिथं मज्जाव आहे. डावीकडे भिंतभर फळ्या. उजवीकडे मोठ्या चकत्यांचं जुनं टेप-यंत्र. मध्ये फळं सुकवायचं गोल विजेचं यंत्र, ज्यात आजवर एकही फळ गेलेलं नाही. खुर्चीत सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ, हातात पांढरे सुती मोजे. आणि विंगेत, म्हणजे दारात, मी. उभी हयात नाटकात गेली. कुणाच्याही दारात उभी राहिले तरी मला ती विंगच वाटते.

मी दुसऱ्या मजल्यावर राहते. हे माझ्या बरोबर डोक्यावर. गृहस्थ जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले, म्हणून मी त्यांना मिस्त्री म्हणते. बाकी इमारत त्यांना ‘भंगारगवई’ म्हणते. हे नाव तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी ठेवलं. जिन्यात भेटल्या की विचारायच्या, “काय हो, तुमच्या वरच्याकडे आज गाणं आहे, की गटाराचं झाकण बसवतायत?”

त्यांचा दोष नाही. मिस्त्री जे जमवायचे त्याला शौकीन मंडळी इंडस्ट्रियल संगीत म्हणतात. पत्रे बडवणं, करवतीची किंकाळी, बंद कारखान्यातली घरघर, आणि त्यावर कुणीतरी यंत्राचे सुरक्षा-नियम वाचून दाखवतंय. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी चार पोरं जमायची, हे असलं टेप करायची, घरच्या घरी पन्नास कॅसेटी काढायची आणि टपालानं वाटायची. बहुतेक कॅसेटी लोकांनी पुसून त्यांवर लग्नातली गाणी भरली. ज्या वाचल्या त्यांच्यासाठी आज देशोदेशीची माणसं जीव टाकतात. मिस्त्रींना त्यांची पत्रं यायची. कुणाची जुनी टेप चिकट झाली, वाजवली की किंचाळते आणि तिचा लेप निघतो, तर ती मिस्त्रींकडे यायची. मिस्त्री ती त्या फळांच्या यंत्रात मंद आचेवर आठ तास ठेवायचे, तासा-तासाला उलटायचे. मग टेप काही आठवडे धड वाजते, तेवढ्यात तिची प्रत काढून घ्यायची. या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

पण हे सगळं कुणामुळे, ते सांगायला हवं. त्यांची धाकटी बहीण.

धाकटी तेव्हा एकोणीस-वीसची. काटकुळी, केस कात्रीनं स्वतःच कापलेले. एक दिवस थेट आमच्या थिएटरात, मेकअपच्या खोलीत येऊन उभी. म्हणाली, “मावशी, तुमच्या वादळाच्या प्रवेशात तो गडगडाट कशाचा असतो?” मी तिला मागं नेलं आणि दाखवला: छताला टांगलेला पुरुषभर उंचीचा पातळ पत्रा. खालचं टोक धरून हलवला की ढग. तिनं हलवला. अहाहा! तो चेहरा मी कुठल्याही प्रेक्षकाचा पाहिला नाही. पुढं नाटक बंद पडलं, सामान मोडीत निघालं, तेव्हा मी तो पत्रा तिला देऊन टाकला. मला काय ठाऊक, मी काय देतेय ते.

वेल्डिंग करणारा एक मित्र आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला एक मदतनीस, असा धाकटीसकट तिघांचा गट झाला, नाव ‘तिसरी पाळी’. सराव घरात. घर म्हणजे ह्याच दोन खोल्या, आजारी आई आणि पहाटे कामावर जाणारा थोरला भाऊ. तो ओरडायचा, “दार लाव! माणसं राहतात इथं!” आणि ती आतून, “दादा, माणसं नाही, फक्त तू राहतोस!”

एका दुपारी मिस्त्री आजारी आईला डॉक्टरकडून घेऊन आले. आई जिन्यावर धापा टाकत होती आणि वर पत्रा गडगडत होता. मिस्त्रींनी वर जाऊन तो काढला आणि गॅलरीतून खाली टाकला. माझ्या खिडकीसमोरून गेला तो. खाली पडल्यावर जो आवाज झाला, त्यानं रस्ता दोन क्षण मुका झाला. धाकटी खाली गेली. पत्र्याला मधोमध पोचा पडला होता, एक कोपरा मुरगळला होता. तिनं तो पाठीवर घेतला, कासवासारखी वाकून चालायला लागली, आणि परत आली नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या गावी ती तापानं गेली. निरोप तीन दिवसांनी पोचला. तिच्या सामानात ‘तिसरी पाळी’च्या कॅसेटची पन्नासांतली सतरावी प्रत होती, सतरा नंबर. वेष्टन पत्र्याचं, कडा अशा धारदार की उघडताना बोट कापतंच. म्हणून ‘तिसरी पाळी’चे खरे शौकीन एकमेकांना बोटावरचा व्रण दाखवून ओळखतात म्हणे. मिस्त्रींच्या बोटांवर नऊ व्रण. तेवढ्या प्रती त्यांना मिळाल्या.

एकदा मला बोलावून त्यांनी सतरा नंबर वाजवली. अकराव्या मिनिटाला एक आवाज येतो. गडगडाट सुरू होतो, मध्येच दुमडतो, आणि रडू दाबल्यासारखा वर जातो.

“साऱ्या जगातून विचारतात,” मिस्त्री म्हणाले. “हा आवाज कोणत्या यंत्राचा? एकानं तर वीस पानी लेख लिहिलाय.”

“मग? कशाचा आहे?”

“पोच्याचा,” ते म्हणाले. “मी पाडला तो.”

त्यांनी कॅसेट काढून पत्र्याच्या वेष्टनात सरकवली.

तर आता आपण जिथं पडदा उघडला त्या दुपारकडे येऊ. त्याच्या दोन दिवस आधी तो वेल्डर आला होता. म्हातारा झालेला, काठी टेकत. काखेत टेपचा चपटा डबा. प्रयोगशाळेवाला केव्हाच वारला होता. हा डबा इतकी वर्षं वेल्डरच्या रंगाच्या कोठीत, टर्पेंटाइनच्या पिंपाशेजारी पडलेला. डब्यावर धाकटीचं अक्षर: ‘मूळ. कापू नये.’

“कॅसेटवर घेतलं ते सगळं ह्याच्यात आहे,” वेल्डर म्हणाला. “आणि शेवटी चार मिनिटं जास्तीची. ती तिनं कॅसेटवर घेऊ दिली नाहीत. म्हणाली, ही दादासाठी.”

मिस्त्री खुर्चीतून उठले होते. “काय आहे त्यात?”

“बोलतेय ती.”

“काय बोलतेय?”

“मी बाहेर जनरेटर बंद करायला गेलो होतो रे. आत ती एकटीच होती.” वेल्डर ओशाळला. “मी तेव्हाच आणून द्यायला हवं होतं. पण तू पत्रा फेकणारा माणूस. म्हटलं, डबाही फेकशील.”

चाळीस वर्षं मिस्त्रींनी देशोदेशी शोधलं, ते हे. तिचा आवाज सुरक्षा-नियम वाचताना त्यांनी हजारदा ऐकला होता. ‘दादा’ म्हणताना एकदाही नाही.

त्यांचा एक नियम होता, तो ते पत्रातून प्रत्येकाला बजावायचे. टेप दोन जातींची असते. नवी जात चिकट होते, तिला आच लागते. जुनी जात काचेसारखी, उजेडाला धरली की आरपार उजेड दिसतो. ती चिकट होतच नाही, आणि तिला आच दिली की संपली. म्हणून, “डबा खोटं बोलतो. टेप उजेडाला धरा.” हे वाक्य त्यांच्या टेबलावर कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवलेलं होतं. मी वाचलंय.

त्या दुपारी मी दारात उभी राहिले तेव्हा फळांचं यंत्र गुणगुणत होतं आणि सहावा तास भरत आला होता.

“बाई, या. दोन तास राहिले.” मिस्त्रींनी दाढी केली होती. अंगात इस्त्रीचा शर्ट. मी चेष्टेनं म्हटलं, “काय मिस्त्री, मुलगी बघायला निघालात की काय?” ते चक्क लाजले. टेबलावर रिकामा डबा ठेवला होता आणि मोज्याच्या बोटानं ते त्यावरचं अक्षर पुन्हा पुन्हा गिरवत होते. डब्यावर नव्या जातीच्या टेपचा छाप होता, खाली तिचं अक्षर.

मी नाटकवाली, मला टेपेतलं काय कळतं? तरी सहज विचारलं, “उजेडाला धरली होती ना?”

ते हसले. “अहो, डबा तिच्या हातचा आहे.”

पट्टीचे पोहणारेच बुडतात म्हणतात. आठ तास भरले. टेप गार झाली. मिस्त्रींनी ती चकतीवर चढवली, टोक बोटानं ओढलं. टेप ताठ उभी राहिली, सुकलेल्या सालीसारखी कडेला वळलेली. त्यांनी ती हळूच दाबली. कट्. बोटभर तुकडा. पुन्हा टोक धरलं. कट्. खिडकीतून ऊन आडवं येत होतं, आणि तो तुकडा त्यांच्या चिमटीत मधाच्या थेंबासारखा चमकला. उजेड आरपार.

मिस्त्री ओरडले नाहीत. कट् कट् करत त्यांनी तुकडे टेबलावर मांडले आणि जोडायला घेतले. जोडलेला पट्टा यंत्रावर चढवला तर घरघर आली, आणि घरघरीखाली भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसा एक चढउतार. शब्द एकही नाही. मग पुन्हा कट्. पंधरा दिवस ते हेच करत होते. देशोदेशीच्या जाणकारांना लिहिलं. सगळ्यांनी हळहळून एकच कळवलं, की आता काही होणार नाही. एकानं तर काळजीनं खाली लिहिलं होतं, ‘पुढच्या वेळी उजेडाला धरून बघा.’

वेल्डरला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “आम्ही रिळं रेडिओ स्टेशनच्या मोडीतून उचलायचो. डबा जो सापडेल तो. तिला काय ठाऊक, जात-बित!”

परवा वर गेले तर भिंतीवरच्या फळ्या रिकाम्या. ज्यांनी ज्यांनी मागितल्या होत्या त्या सगळ्यांना मिस्त्री कॅसेटी पाठवत होते. सतरा नंबरही पाकिटात गेली होती.

“हीसुद्धा?” मी म्हटलं.

“त्यात माझाच आवाज आहे, बाई. किती ऐकू?”

तुकडे एका बरणीत भरून ठेवले होते, तेवढे मात्र टेबलावर. मी चहा नेला होता, तो निवला. अशा वेळी काहीतरी चांगलं बोलायची मला खोड आहे; प्रेक्षक रडवेला घरी जाऊ नये असं आमच्या काळी शिकवायचे. मी म्हटलं, “मिस्त्री, ती मनानं मोठी होती. माफच केलं असेल हो तिनं.”

त्यांनी पाकिटाला तिकीट लावलं, अंगठ्यानं दाबलं, आणि बरणीकडे बघत म्हणाले, “शिवी दिली असेल. शिवी असती तरी चाललं असतं.”