अव्वाची तालीम

मी चुकीच्या पोराच्या कानाखाली वाजवली. सातवीत होतो, आणि न्यायनिवाड्याचा अनुभव अंमळ कमी होता.

उचगावातली पोरं संध्याकाळी तालमीत जायची. आमची तालीम घरातच भरायची आणि वस्ताद होती आमची आई. तिला आम्ही अव्वा म्हणायचो; घरात कन्नड बोलणारी माणसं आम्ही, सीमेपलीकडून इथं येऊन राहिलेलो. अव्वा एका जागी बसलेली मला आठवतच नाही. हातात उलथनं घेऊन चुलीपासून दारापर्यंत येरझारा घालायची आणि चालता चालता आम्हा भावंडांना टोमणे मारायची.

त्याला कारण धाकटी गिरिजा. तिनं वर्गात तोंड उघडलं की पोरं तिच्या हेलाची नक्कल करत, "ए कानडी, जा की तुझ्या मुलखात" म्हणत. हळूहळू तिनं शाळेत बोलणंच सोडलं. हजेरीला नुसता हात वर. मग रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. पोरीची शाळा सुटते की काय, या धास्तीनं अव्वाला झोप लागेना.

म्हणून ती स्वतःच चिडवणारं पोर व्हायची. आम्ही मान खाली घालायची नाही, हात वर करायचा नाही, डोळ्यांत बघून म्हणायचं, "व्हय, कानडी हाय. पुढं बोल." "पुढं त्यांच्याजवळ काय नसतंय," अव्वा सांगायची. गिरिजा आधी रडायची, मग पुटपुटायला लागली. माझ्या मात्र दुसऱ्या टोमण्यालाच मुठी वळायच्या, आणि त्यांवर उलथनं बसायचं.

मला हे सगळं फार संथ वाटत होतं. एकदा शाळेच्या नळापाशी संभा नावाचा पोरगा गिरिजाच्या कानाशी काही कुजबुजताना दिसला. मी धावत गेलो आणि निकाल लावला. नंतर कळलं, वर्गात तिच्याशेजारी बसणारा तो एकटाच. "उद्या हजेरीला आपण दोघं मिळून ओरडू," एवढंच सांगत होता बिचारा.

अव्वानं मला दंडाला धरून संभाच्या दारात उभं केलं. गिरिजा तिच्या पदराआड. संभाच्या आईनं माझा यथेच्छ उद्धार केला, तो मला मंजूर होता. पण शेवटी ती म्हणाली, "ही कानडी माणसं असलीच."

माझे हात शिवशिवले. अव्वाची पकड आणखी घट्ट झाली.

"व्हय, कानडी हाय," ती म्हणाली. "पण मारलंय ह्यानं एकट्यानं. त्याला बोला."

संभाची आई दार लावायला वळली. तेवढ्यात पदराआडून आवाज आला, "पुढं बोला की, मावशी."

घराबाहेर गिरिजा कितीतरी दिवसांनी बोलली होती. परत येताना अव्वा भर रस्त्यात डोळे पुसत इतकी भराभर चालली, की मला पळावं लागलं. दंड अजून तिच्याच हातात होता ना.

गिरिजा आता एसटीत कंडक्टर आहे. अख्खी गाडी अंगावर आली तरी तिचा आवाज चढत नाही. मी मात्र तसाच. रांगेत कुणी वाकडं बोललं की हात आधी वळवळतो, मग उलथन्याची आठवण होते.

यंदा अव्वा गेली. माती उरकल्यावर संभा येऊन माझ्याशेजारी कट्ट्यावर बसला. न राहवून मी त्याच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला, तसा तो वीतभर मागं सरकला.

"हात खाली ठेव आधी," तो म्हणाला. "दंडाला धरून तुला आमच्या दारात आणायला अव्वा न्हाय आता."