पोचवणं आणि सोपवणं

इनासभाऊंनी एकदा पेशंटचं मनगट धरलं की ते धरूनच ठेवायचे. गाडीत धरायचे, उतरवताना धरायचे, इस्पितळाच्या दारात नर्सने "ठेवा इथे" म्हटलं तरी सोडायचे नाहीत. डॉक्टर येऊन पेशंटला हात लावेपर्यंत हा माणूस जागचा हलायचा नाही. पहिल्याच आठवड्यात मी वैतागून म्हटलं, पोचवलं ना, चला आता. ते शांतपणे म्हणाले, "पोचवणं वेगळं, सोपवणं वेगळं. पोचवतात ते टपाल."

नव्वदच्या दशकात वसईतल्या एका ट्रस्टच्या अॅम्ब्युलन्सवर मी ड्रायव्हर होतो आणि ते अटेंडंट. निर्मळच्या ख्रिस्ती बागायतदार घरातले. घरी त्यांची बोली, आमच्याशी मात्र शाळामास्तरासारखं मराठी. कुठल्याशा शिबिरात प्रथमोपचार शिकले होते आणि तिथे सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळायचे. कोणाला काय झालंय हे बायकोलाही सांगत नसत. अपघात झाला की पोलिसांच्या भानगडीला भिऊन लोक लांब उभे राहायचे. हे आधी उतरायचे. जबाब द्यायला मी जाईन, म्हणायचे, आणि खरंच जायचे. मला त्यांचा कंटाळाही यायचा, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे स्ट्रेचर एकच. इस्पितळांतही स्ट्रेचरची रडच. म्हणून पेशंटला बाकावर सरकवायचं आणि आपलं स्ट्रेचर घेऊन निघायचं, ही सगळ्याच गाड्यांची रीत होती. इनासभाऊंची नव्हती.

एका दुपारी पाचूबंदरचा एक कोळी होडीतून उतरताना धक्क्यावर डोकं आपटून पडला. बेशुद्धच होता. आम्ही त्याला एका खाजगी इस्पितळात आणलं, तर डॉक्टर ऑपरेशनमध्ये. तेवढ्यात तिथल्या फोनवर निरोप आला, सोपाऱ्याला एक बाळंतीण अडलीय. मी गाडीत बसून हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मग आत जाऊन म्हणालो, "भाऊ, तिकडे दोन जीव आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मनगट सोडलं. आम्ही त्या माणसाला बाकावर घेतलं. भाऊंनी त्याला कुशीवर वळवलं, इथून हलू नकोस म्हणून वॉर्डबॉयला बजावलं, आणि आम्ही स्ट्रेचर घेऊन निघालो. वॉर्डबॉयला कोणीतरी वर बोलावलं. पेशंट उताणा झाला, त्याला उलटी झाली आणि तो गुदमरून गेला. सोपाऱ्याची बाई वाचली, बाळही वाचलं. हा मात्र भरल्या इस्पितळात बाकावर मेला.

निष्काळजीपणाबद्दल भाऊंवर वसईच्या कोर्टात खटला उभा राहिला. ट्रस्टच्या वकिलाने इनासभाऊंना दोन वाटा दाखवल्या. एक तर पेशंट नर्सने ताब्यात घेतला, कोणत्या ते आठवत नाही, असं म्हणा. नाहीतर ड्रायव्हरने घाई केली म्हणा. हे मला कळलं आणि माझी झोपच उडाली. घरात दोन लहान मुली, दुसरं काम येत नव्हतं.

कोर्टात भाऊ म्हणाले, "मी पेशंट कोणाच्याच ताब्यात दिला नाही. बाकावर ठेवून गेलो." घाई कोणी केली, असं न्यायाधीशांनी स्वतः विचारलं. "गाडी ड्रायव्हरची होती, साहेब. पेशंट माझा होता." मी मागच्या रांगेत फरशी बघत बसलो होतो.

बाहेर व्हरांड्यात त्या कोळ्याची बायको उभी होती. तिला भांडायचं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "जाताना त्याच्याजवल कोन होतं?"

"कोणी नव्हतं, बाई," भाऊ म्हणाले. ती मान हलवून निघून गेली. एखादं बरं खोटं बोलायला काय जात होतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

निकालात दंडावर भागलं, पण भाऊंची नोकरी गेली. पुढे ते वाडीत केळी बघत राहिले आणि तीन-चार वर्षांत वारले. मी त्याच गाडीवर निवृत्त झालो.

त्या दिवशी कोर्टाच्या फाटकाशी मी त्यांचे हात धरले होते. म्हणालो, भाऊ, माझं नाव घेतलं नाहीत, फार उपकार झाले.

त्यांनी हात सोडवून घेतले. "न्यायाधीशांनी विचारल्यावर मी जरा थांबलो होतो, सुरेश. वाटलं, तू उठशील."