जुनी बाटली

मी हैदराबादला, नामपल्लीची गाडी पकडायला निघाले तेव्हा भाऊ स्टेशनपर्यंतसुद्धा आला नाही. नवरा गेल्यापासून चार वर्षं मी त्याच्या घरात राबत होते. माय उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "जा. तुह्यावाचून इथं काय अडायलंय?" मी वळून बघितलं नाही. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं.

हैदराबादेत मला माश्यांचा स्वयंपाक मिळाला. गावाकडच्यांनो, हसू नका. प्रयोगशाळेत बारीक फळमाश्या पाळतात. त्यांच्यासाठी मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून बाटल्यांत ओतायचं. भावाच्या घरात तुम्हा नऊ जणांना रांधून घातलं, तर एकही जण नावं ठेवल्याशिवाय उठला नाही. माश्या गुमान खातात.

तिथली माधवी हैदराबादेतल्याच अंबरपेठची. मराठी बोलते, वाचता येत नाही. भिंगातून दिवसभर माश्या बघते. तिला विचारलं, बघतेस तरी काय?

"मावशी, माशीच्या आत एक तुकडा असतो. आपली जागा सोडून उडतो आणि भलत्याच जीनमध्ये जाऊन बसतो. तो जीन बंद पडतो. मग माशीचं काय बिघडलं ते बघायचं. पंख वाकडे झाले, तर पंख सरळ ठेवणं हे त्या जीनचं काम."

"म्हणजे बंद पडल्याशिवाय त्याचं काम कळत नाही तुम्हाला? एवढं शिकून?"

"हौ मावशी," म्हणून ती हसली.

तरी ती आमच्या घरच्यांपेक्षा बरी. बिघडलं की का बिघडलं ते बघते. माझ्या भावाला ते बघायला वीस वर्षं लागली. तोवर माय गेली. परवा त्याचा फोन आला. "अक्का, घर तुहंच हाय. हिनं अंथरूण धरलंय, भाकर टाकायला कोणी नाही. तुह्यावाचून अडायलंय."

घर माझं आणि भाकर त्याची! हेच शब्द ऐकायला मी किती वर्षं झुरले होते. ऐकले तर शिळे निघाले. माणसाची माशीशी तुलना करायला मला लाज वाटत नाही. वाटली तर माशीला वाटेल.

फोन आला तेव्हा मी बाटल्या धूत होते. दर पंधरवड्याला माश्या नव्या बाटलीत झटकतात आणि जुनी माझ्याकडे येते. तळाला वाळलेला लगदा, काठाला बुरशी. तिच्यात माश्या परत घालताना मी कुणाला बघितलं नाही.

"येत नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

माझ्यासारख्या निघून आलेल्या बायांनो, घर घर करून डोळे पुसू नका. इथं शहरात जामबागेमागे माझी एक खोली आहे. शेगडी मी पेटवते, मीच बंद करते. कधी कधी मुद्दाम भाकर टाकत नाही. कुणाचं काही अडत नाही.