जीभ दाखव म्हणाले

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते मला नीट कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, तीही मामाकडे, नगरच्या बाजूला. आमच्या निजामाच्या मुलखात तेव्हा रंगाऱ्याच्या पोरीला कोण शाळेत घालत होतं. लिहिण्यात चुका निघतील, त्याची माफी असावी. सांगते आहे त्यात चूक निघणार नाही.

"जबान दिखाओ," प्रोफेसर म्हणाले.

मी गावच्या जमीनदाराच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या अंगणात उकिडवी बसले होते. प्रोफेसर खुर्चीवर. त्यांच्यामागे शहरातून आलेले सहा विद्यार्थी उभे. ओसरीवर गावातली माणसं, आणि खाली, खांबाला टेकून, माझा बाप. मला उर्दू बोलता येत नाही, पण कळते. मी बापाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

प्रोफेसरांच्या हातात लाकडी पट्टी होती. त्या पट्टीनं त्यांनी माझी हनुवटी वर केली. मी जीभ बाहेर काढली. इतक्या पुरुषांसमोर. पदर पुढं ओढायला हात गेला तर "हाथ नीचे" म्हणाले. एक विद्यार्थी वाकून जवळ आला. त्याच्या अंगाला अत्तराचा वास होता, तोंडाला पानाचा. त्यानं माझ्या जिभेकडे बघत वहीत काहीतरी लिहिलं.

"बाजारात बैल बघायला आल्यासारखं वाटतंय बे," ओसरीवरून एक जण म्हणाला.

"दात बी बघ मग. वय कळंल."

सगळे हसले. मालकांचा धाकटा मुलगाही हसला.

तोंड उघडं ठेवून लाळ गळाली. पुसू दिली नाही. ती पट्टीला लागली तेव्हा प्रोफेसरांनी रुमालानं पट्टी पुसली आणि रुमाल उकिरड्याकडे फेकून दिला. चांगला पांढरा रुमाल होता. जन्मभर मी मेंढीच्या लेंड्यांत हात घातले, मला कधी किळस आली नाही. त्या दिवशी आली. त्या अत्तराची आली.

हे कशामुळं झालं ते सांगते.

आम्ही उमापूरचे रंगारी. आल नावाच्या झाडाची मुळं असतात, त्यांचा तांबडा रंग निघतो. त्यानं आम्ही खारवा रंगवतो, म्हणजे जाडंभरडं कापड. व्यापारी लोक हिशेबाच्या चोपड्यांच्या बांधणीला तेच वापरतात. कापड आधी एरंडेल आणि लेंड्यांच्या पाण्यात मळायचं, वाळवायचं, परत मळायचं. असं आठ-दहा दिवस. मग तुरटी आणि मुळांची पूड घालून कढईत शिजवायचं.

सगळं अडतं ते तुरटीवर. शेराचं माप असतं, पण विहिरीचं पाणी मोसमाला बदलतं, मग माप थोडं खालीवर करावं लागतं. म्हणून तुरटीचं पाणी जिभेवर घेऊन बघायचं. सकाळी, उपाशीपोटी. आदल्या दिवशी कांदा खायचा नाही, मिश्री लावायची नाही. जिभेचं टोक आखडलं तर पाणी बरोबर. गाल आतून ओढले गेले तर तुरटी जास्त.

हे काम आमच्यात सासू सुनेला शिकवते. लेकीला कोणी शिकवत नाही, ती दुसऱ्या घरी घेऊन जाते म्हणून. मी सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आले. तेव्हा आई म्हणाली, "ये, बस कढईजवळ. तू आता कुठं जायाची न्हाईस." अशी मी शिकले. आई गेल्यावर घरात ती जीभ माझीच राहिली.

धाकटे मालक शहरात शिकायला होते. तिथल्या मोठ्या नव्या विद्यापीठाला गावात सगळे जामिया म्हणायचे. तिथं इंग्रजी सोडून उर्दूत शिकवतात, गरिबाच्या पोरालाही घेतात, म्हणून कौतुक होतं. धाकट्या मालकांना शेवटच्या परीक्षेसाठी एक प्रबंध लिहून द्यायचा होता. देशी धंद्यावरचा हवा होता. त्यांनी आमचा धंदा धरला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते आमच्या भट्टीवर यायचे. बाप त्यांना बाज टाकून द्यायचा. मी परक्या पुरुषाशी बोलत नसे. ते बापाला विचारायचे, बाप मला विचारायचा, मी बापाला सांगायची, बाप त्यांना. तिसऱ्या दिवशी ते कंटाळले.

"ह्या बाईला लिहिता येतं म्हणं?"

"येतं मालक. चौथी झालीया."

"मग लिहूनच देऊ दे की. मला हितं उकडतंय."

मी लिहून दिलं. वीस-बावीस दिवस, दुपारी कढई उतरवल्यावर. मुळं तीन वर्षांच्या झाडाची घ्यायची. बारीक मुळाला रंग जास्त, जाड मुळाला काहीच नाही. पूड टोपलीनं मोजायची, तुरटी शेरानं. कापडाच्या ठाणाला किती, कोणत्या महिन्यात किती, सगळं. वही भरली. धाकट्या मालकांनी ती चाळली आणि म्हणाले, "तुझं नाव छापून येईल बघ. जामियात सगळे वाचतील."

 घरी चुलीपुढच्या राखेत मी बोटानं माझं नाव लिहून पाहिलं. छापलेलं कसं दिसेल म्हणून.

जाताना त्यांनी बापाच्या हातावर वीस हाली रुपये, म्हणजे निजामाच्या नाण्यातले, ठेवले. "बक्षीस समज," म्हणाले. बाप त्यांच्या पाया पडला. त्या पैशात नवी कढई आली.

पुढच्या थंडीत प्रोफेसर आले. प्रबंध खरा की खोटा ते बघायला. ते विलायतेहून शिकून आले होते. ओसरीवर उभं राहून बोलले, आणि धाकटे मालक लोकांना मराठीत सांगत होते. साऱ्या जगात विद्यापीठं बदलत आहेत. आजवर ज्ञान पुस्तकांत कोंडलेलं होतं. आता आम्ही कारागिराच्या दारी जातो, त्याच्यापाशी बसून शिकतो. बाप मान डोलवत होता. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आमचं दार तिथून दोनशे पावलांवर होतं. तिथं कोणी आलं नाही. लेंड्यांचा वास येतो म्हणाले. कढई, लाकडं, मळलेलं कापड, सगळं आम्हीच अंगणात वाहून आणलं.

प्रबंधात लिहिलं होतं तसं एका विद्यार्थ्यानं तराजूत तोलून घातलं. तुरटीचा ढीग मी बघितला. दुप्पट होती. मी बापाला हळू म्हणाले, "दादा, तुरटी लई होतीया."

"गप ऱ्हा. शिकल्याली माणसं हायती."

कापड बाहेर काढलं ते विटकरीसारखं. त्यावर पांढुरके डाग. प्रोफेसरांच्या कपाळाला आठी पडली. हे माप कोणाचं, असं त्यांनी विचारलं. धाकटे मालक घाबरले होते. प्रबंध नापास झाला तर पदवी गेली. ते माझ्याकडे बोट दाखवून उर्दूत म्हणाले, "ही बाई जिभेवर मोजते. अनपढ आहे. तिचंच चुकलं असणार."

माझी वही त्यांच्या कातडी पिशवीत होती. पुठ्ठा वर दिसत होता.

तेव्हा प्रोफेसर म्हणाले जीभ दाखव.

जीभ बघून झाल्यावर त्यांनी तीन वाट्यांत तुरटीचं पाणी करायला लावलं. कमी, बरोबर, जास्त. मला पाठमोरी बसवलं आणि एकेक वाटी हातात दिली. मी चाखून बापाला सांगितलं, बापानं धाकट्या मालकांना, त्यांनी प्रोफेसरांना. तिन्ही बरोबर निघाल्या. वाट्यांची जागा बदलून परत दिल्या. परत बरोबर. "अजीब," प्रोफेसर म्हणाले आणि लिहून घेतलं. माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. त्या तीन वाट्यांकडे बघून म्हणाले.

मला तिथं कळलं की ह्यांना वाटी आणि मी सारखीच आहे.

मी उभी राहिले. इतक्या माणसांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं.  बापाला मधे न घेता बोलले.

"वही काढा. त्यात मी कच्चा शेर लिहिलाय. ह्यांनी पक्का मांडलाय."

आमच्या भागात कच्चा शेर पक्क्याच्या निम्मा. रंगाऱ्याच्या घरातलं पोर ही चूक करणार नाही. ती शहरात बसून उतरवून घेणाऱ्याची चूक होती.

 प्रोफेसरांना मराठी येत नव्हती. त्यांनी विचारलं, "क्या कहती है?"

धाकटे मालक लगेच म्हणाले, "पानी माँग रही है."

मग माझ्याजवळ येऊन मराठीत, दात आवळून, "खाली बस. वीस रुपये मोजलेत. वही माझी, आतलं बी माझं."

गड्यानं तांब्या आणला. वरून ओतायला लागला. मी ओंजळ धरली नाही. पाणी माझ्या पायांवर पडलं, मातीत गेलं. तांब्या संपेपर्यंत मी तशीच उभी होते. मग कढई तिथंच टाकून घरी आले.

बाप संध्याकाळी आला. "तुझ्यापायी मालकाची अब्रू गेली असती," म्हणाला. मी त्याला जेवायला वाढलं.

प्रबंध पास झाला. छापून आला. गावात उर्दू शाळेचे मुन्शी होते, त्यांच्याकडून बापानं वाचून घेतला. मी दाराआड उभी होते. माझ्या वहीतलं सगळं होतं. बारीक मुळं, जाड मुळं, टोपली, महिने. तुरटीचं माप आता निम्मं होतं, म्हणजे मी अंगणात सांगितलं तसं सुधारलेलं. ते त्यांनी घेतलं होतं. खाली एक ओळ होती, उमापूरच्या एका अनपढ औरतीच्या जिभेवर प्रयोग करून पाहिला. एवढीच मी. नाव नाही. माझ्या हातानं लिहिलेली वही उतरवून घेतली आणि त्यातच मला अनपढ म्हटलं.

पदवीचे पेढे वाटले. बाप आमच्या वाटणीचा घेऊन आला. मी तो लेंड्यांच्या घमेल्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी बापाला म्हणाले, "ते वीस रुपये परत द्यायचे."

"कावून? बक्षीस कुणी माघारी देतं का?"

"ते बक्षीस न्हवतं, दादा. किंमत होती. त्यांनीच सांगितलं. पैसे आपल्याकडं हायती तोवर मी इकलं असं होतंय. मी इकलं न्हाई."

"याड लागलंय तुला."

"लागू दे," मी म्हणाले. फेडायला दोन वर्षं लागली. चोपड्यांच्या खारव्याचं जादा काम घेतलं. एक रुपया जमला की मालकांच्या कारभाऱ्याकडे जायची. तो मला बघून ओरडायचा, "आली बगा सावकारीण. सरका, गादी रिकामी करा." लोक हसायचे. तो पावती लिहून देईना, तर मी कागदावर स्वतः लिहायची आणि त्याची सही घेतल्याशिवाय हलायची नाही. सुरुवातीला रडू यायचं. नंतर यायचं बंद झालं.

काल विसावा रुपया घेऊन गेले. धाकटे मालक घरी होते. आता ते सरकारात मोठे अंमलदार आहेत, रजेवर आले होते. ओसरीवर बसून पान लावत होते. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला नव्हता.

"झालं समाधान?" ते म्हणाले. "आता काय पायजे?"

"वही."

"ती जामियाच्या कुतुबखान्यात ठेवलीय. कपाटात, पुस्तकांबरोबर. जा, मागून घे. तुला कोण आत घेतंय ते बघू."

"मग दुसरी लिहिते," मी म्हणाले. "सुरू केलीया. कच्चा शेर, पक्का शेर, समदं नीट लिहिते. वर माझं नाव. पयली कुणी नेली त्याचं बी नाव. अन रंगाऱ्याच्या पेठंतल्या ज्या बायकांना शिकायचंय त्यांना शिकवते, सून असू दे न्हाईतर लेक. तुमच्या घरच्याला मातर एक शब्द सांगायची न्हाई."

ते हसले. पण पानाला चुना लावायचा हात थांबला होता.

"ठेव रुपया तिथं," म्हणाले, पायरीकडे बोट करून.

मी पायरीवर ठेवला नाही. हात पुढं धरून उभी राहिले. कारभारी उठायला लागला, त्याला म्हणाले, तुमी बसा. अंगणातली माणसं बघत होती. किती वेळ गेला ते माहीत नाही. शेवटी धाकट्या मालकांनी पान खाली ठेवलं, हात पुसला आणि माझ्यापुढं पसरला. मी त्यांच्या तळहातावर रुपया ठेवला. कागदावर त्यांचीच सही घेतली. वीस पूर्ण.