तीनशेचं साडेचारशे

काही माणसांचे किस्से जमवावे लागत नाहीत. त्यांच्या हातात फक्त स्क्रू ड्रायव्हर द्यायचा आणि बाजूला सरकायचं! नाशिकला कॉलेज रोडवर माझं डीटीपीचं छोटं दुकान होतं, तेव्हा आमच्यात असा माणूस म्हणजे विलास पगार. सरकारी ऑफिसात क्लार्क. तिथं त्याला घाई कधीच नसायची, ती सगळी तो कॉम्प्युटरसाठी राखून ठेवायचा.

दुसरे गावित सर, शाळेत गणित शिकवायचे. विलासला प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त पळवायचा होता, तेव्हा त्यांनी हिशोब समजावला. "बस म्हणजे बोर्डवरचा माहितीचा रस्ता. त्याचा स्पीड गुणिले मल्टिप्लायर म्हणजे प्रोसेसरचा वेग. सहासष्ट पूर्णांक दोन तृतीयांश गुणिले साडेचार, झाले तीनशे मेगाहर्ट्झ. वाढवायचं तर एकेक पायरी वाढव, दिवसभर चालवून बघ, गरम किती होतंय ते वहीत लिही."

विलासने वही बंद केली आणि बोर्डवरचा जंपर, म्हणजे बस ठरवणारी चिमुकली टोपी, उपटून थेट शंभरवर लावला. स्क्रीन काळी!

"बघा," विलास म्हणाला, "मॉनिटरला वेग झेपला नाही!"

*

मग त्याने बस परत सहासष्टवर आणून मल्टिप्लायर साडेचारचा सहा केला. मशीन सुरू झालं, पण आकडा तोच, तीनशे. कंपनीने मल्टिप्लायर आतूनच लॉक केलेला.

"माझ्यावर एवढा अविश्वास?" विलास चिडला.

"अविश्वास नाही," सर म्हणाले. "ओळख."

*

पुढे शंभरची बस एकदाची चालली. तीनशेचं साडेचारशे! यालाच ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. पण मशीन तापायला लागलं. ऐन मे महिना. विलासने घरातला एकुलता एक टेबल फॅन उघड्या कॅबिनेटकडे वळवला.

त्याचे वडील घाम पुसत म्हणाले, "अरे, मला उकडत नाही का?"

"बाबा, तुम्ही काय ओव्हरक्लॉक केलेले आहात?"

*

निफाडचे द्राक्षवाले अण्णा माझ्या दुकानात पत्र टाइप करून घ्यायला आले होते. विलासने त्यांना प्रोसेसर जास्त कसा पळवायचा यावर तासभर लेक्चर दिलं. अण्णांनी शांतपणे ऐकलं.

"मंग कंपनीवाले येडे हायेत का, कमी पळवायला?"

"नाही अण्णा," सर म्हणाले, "त्यांना वॉरंटी द्यायची असते."

*

एकदा सर शाळेत असताना विलासला त्यांना सरप्राइज द्यायची हुक्की आली. सरांचं मशीन माझ्याच दुकानात असायचं. त्याने बस त्र्याऐंशीवर नेली. टॉर्च मी धरला होता, खोटं कशाला बोलू! बस वाढली की त्या बोर्डवर हार्ड डिस्ककडे जाणाऱ्या मार्गाचा वेगही तिला झेपणार नाही इतका वाढायचा. दुपारपर्यंत डिस्क गेली.

तिच्यावर सरांच्या आईची गाणी होती. पेठकडच्या डोंगरातली, भात लावताना म्हणायची. सरांनी दोन वर्षं ऐकून ऐकून टाइप केलेली. फ्लॉपीवर जेमतेम निम्मी.

सर ओरडले नाहीत. त्यांनी मशीनचं बटण बंद केलं. मग विलासला म्हणाले, "रविवारी घरी ये."

रविवारी मीही गेलो. सरांनी नवी डिस्क टाकून मशीन घरी आणलं होतं; गेलेली गाणी पुन्हा टाइप करायला त्यांनी विलासला कीबोर्डसमोर बसवलं. आई शेजारी मांडी घालून बसल्या आणि त्यांनी गाणं धरलं. विलास दोन बोटांनी अक्षरं शोधत होता. त्याचे कान लाल झाले होते. आईंचं गाणं संपलं. त्या थांबल्या. चहा आला, चहा संपला. विलास दुसऱ्या ओळीवर.

आईंनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं.

"पोरा, तुझं यंत्र लय पळतं म्हनं. आज कुठं गेलंय?"